शाळेतून आल्या आल्या रडारड? पहिला अर्धा तास कसा सांभाळायचा

पावणेसहाला व्हॅनचा हॉर्न वाजतो, मी खाली जाते. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, लेक तेव्हा दुसरीत होती. व्हॅनमधून उतरली, काकांना हसून टाटा केला, मैत्रिणीला उद्या स्टिकर आणते म्हणून प्रॉमिस दिलं, सगळं छान. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दप्तर खाली टाकलं, "मी नाही उचलणार". घरात आल्यावर मी केळं सोलून दिलं, ते देताना मधोमध मोडलं. बस्स. मोडलेलं केळं नको, दुसरंही नको, तेच केळं जोडून दे, असं म्हणत पोर जमिनीवर लोळून वीस-पंचवीस मिनिटं रडली. ओला युनिफॉर्म, एक मोजा पायात, एक हातात. सासूबाई आतून बाहेर आल्या, समजावलं, मग मी समजावलं, मग मी आवाज चढवला, मग ती अजून जोरात.

रात्री दिवा मालवल्यावर, माझ्या दंडावर नाक घासत म्हणाली, "आई, डान्समध्ये मला मागच्या रांगेत टाकलं, मी तिथे रडले नाही."

मी तिथे रडले नाही. हे वाक्य मला अजून आठवतं आणि खरं सांगू का, या सगळ्या लिखाणाचं सार त्यातच आहे. मूल घरी येऊन रडतं म्हणजे घरात काही बिघडलंय असं नाही, ते शाळेत रडलेलं नसतं म्हणून घरी रडतं. आपण सगळे लहानपणी "हाताची घडी, तोंडावर बोट" करून बसलोय ना, तसंच हे पोर पाच-सहा तास बसलेलं असतं, आणि फक्त तोंडावर नाही, रागावर बोट, भीतीवर बोट, भुकेवर बोट, शू लागली त्याच्यावरसुद्धा बोट. दाराच्या आत पाऊल टाकलं की बोट निघतं. आईसमोर निघतं, कारण आई आपल्याला सोडून जाणार नाही याची त्याला खात्री असते. बाबांसमोर, आजीसमोरही निघतं, जिथे खात्री तिथे निघतं.

इंग्रजीत याला आफ्टर स्कूल रिस्ट्रेंट कोलॅप्स म्हणतात, हा काही आजार नाही, डॉक्टरांच्या भाषेतलं निदानही नाही, पालकांना समजावं म्हणून रुळलेलं नाव आहे. मागचं कारण साधं आहे. स्वतःला आवरणं, थांबणं, पटकन न बोलणं ही कामं मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो भाग पूर्ण पक्का व्हायला साधारण पंचविशी उजाडते. सात वर्षांच्या मुलाला दिवसभर आवरून धरणं म्हणजे केवढं कष्टाचं काम असेल विचार करा. आपणही ऑफिसातून आल्यावर पाच मिनिटं कोणी बोलू नये असं वाटतंच की.

तर आता करायचं काय. मी जे करते आणि आमच्या सोसायटीतल्या तीन-चार घरांत जे चालतं ते सांगते. सगळं एकदम करायला जाऊ नका.

आधी पोट, पाणी आणि बाथरूम

भावना वगैरे नंतर, आधी शरीर बघा. मी हे खूप उशिरा शिकले. लेकीच्या हातातून पाण्याची बाटली घेतली आणि ती जड लागली की मला कळतं आज संध्याकाळ अवघड आहे. भरून नेलेली बाटली भरलेलीच परत. विचारलं तर म्हणते बाथरूमला वास येतो म्हणून मी पाणीच पीत नाही. असं करणारी मुलं, विशेषतः मुली, खूप आहेत, तुमच्याही घरात असेल तर एकदा शांतपणे विचारून बघा. दिवसभर पाणी नाही, शू दाबून ठेवलेली, डोकं दुखतंय, आणि हे सगळं त्या वयात "डोकं दुखतंय" म्हणून बाहेर येत नाही, "मला हा चमचा नको तो चमचा हवा" म्हणून बाहेर येतं. मग आल्याबरोबर बूट काढायचे आणि थेट बाथरूम, हा आमच्याकडे नियमच झालाय, नको म्हणाली तरी "नुसती जाऊन ये" म्हणायचं. आणि बाथरूमचा वास हा विषय पालकसभेत काढा, एकटीने काढायला संकोच वाटत असेल तर चार जणी मिळून काढा, तो मुलांच्या हट्टाचा विषय नाही, शाळेने सोडवायचा विषय आहे.

मग खाणं. मधली सुट्टी इतकी छोटी असते की त्यात डबा खायचा का पकडापकडी खेळायची यात पकडापकडी जिंकते. दुपारच्या शाळेतलं मूल साडेअकराला जेवून निघतं, डब्यातली अर्धी पोळी खातं आणि पावणेसहाला घरी. भुकेला जीव तो. खाऊ आधी तयार पाहिजे, "काय खाणार?" हा प्रश्नच नको, कारण निवड करणं हे पण एक काम आहे आणि त्याच्याकडे आता कामाची ताकद उरलेली नाही. आमच्याकडे दिवस ठरलेत. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू, दही-पोहे, राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, उकडलेलं रताळं, गूळ-शेंगदाणे आणि केळं. नुसती क्रीमची बिस्किटं दिली तर तासाभरात पुन्हा भूक आणि पुन्हा चिडचिड, म्हणून काहीतरी टिकणारं द्या. व्हॅन किंवा रिक्षाने अर्धा-पाऊण तास लागत असेल तर दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक चिक्की ठेवा, परत येताना खायची म्हणून. आमच्याकडे यानेच निम्मी भांडणं कमी झाली.

कपडेही बघा. पावसात ओले मोजे, उन्हाळ्यात तो टाय आणि टोचणारं लेबल, घट्ट वेणी. वेणी सोडली की लेक अक्षरशः सुस्कारा टाकते. सुटसुटीत घरचा फ्रॉक, गार पाण्याने हातपाय तोंड. "हातपाय धुऊन ये" म्हणून जुन्या बायका पाठी लागायच्या ते स्वच्छतेसाठी असेलच, पण पाण्याने जीव थंडावतोही.

प्रश्नांना सुट्टी

"काय शिकवलं आज? डबा संपवला का? होमवर्क काय दिलंय? गणिताचा पेपर मिळाला का?" दारातच, चप्पल काढायच्या आत. प्रेमापोटीच विचारतो आपण, पण समोरच्या पोराने दिवसभर प्रश्नांनाच उत्तरं दिलेली असतात. पहिली वीस-तीस मिनिटं मी एकही प्रश्न विचारत नाही. "आलीस? ये. पोळीचा लाडू केलाय." इतकंच. मग शेजारी बसायचं, हातात फोन न घेता. बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर नाही.

बोलणं नंतर येतं आणि ते समोरासमोर बसवून येत नाही, हे मी शंभर वेळा अनुभवलंय. मटार सोलताना येतं, शेंगा निवडताना, स्कूटरवर मागे बसल्यावर पाठीमागून, रात्री अंधारात. डोळ्याला डोळा नसला की मुलं मोकळी होतात, पाचवी ते आठवीतली तर फारच. त्यांच्याकडून "काही नाही" शिवाय उत्तर येत नसेल तर खोलीचं दार ठोठावत बसू नका, दळण आणायला सोबत न्या.

आणि विचारायचंच झालं तर लहान, खरे प्रश्न विचारा. "आज शाळा कशी होती" याला उत्तरच नाही. "आज कोणाला ओरडा बसला?" याला भरभरून उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा त्या गोष्टीच्या शेवटी कळतं की ओरडा आपल्याच बाळाला बसलाय. "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसलीस?" हाही चांगला, त्यातून एकटेपणा कळतो. आधी स्वतःचं सांगितलं तर अजून सोपं जातं, "आज मीटिंगमध्ये माझं बोलणं कोणी ऐकूनच घेतलं नाही, मी खट्टू झाले". मुलाला कळतं की मोठ्यांनाही होतं असं, आणि ते सांगता येतं.

भडका उडालाच तर

एवढं करूनही उडतोच कधीतरी. तेव्हा समजावणं पूर्ण बंद. त्या वेळी मुलाच्या डोक्यात वाद घालणारा भाग कामावर नसतो, तुम्ही कितीही बरोबर मुद्दा मांडा, तो पोचत नाही. "केळं मोडलं तरी चव तीच असते ना बाळा" हे वाक्य मी त्या दिवशी निदान सात वेळा म्हटलं असेन.

त्याऐवजी खाली बसा. खरोखर जमिनीवर. उभं राहून बोललं की आपण डोंगराएवढे दिसतो. आवाज आपला नेहमीचा असतो त्याहून खाली, वाक्य तीन-चार शब्दांचं. "मी आहे इथे." "खूप राग आलाय." "बरं." आणि मग गप्प. गप्प राहणं सगळ्यात कठीण आहे, हाताला काहीतरी चाळा लागतो, मी तिचे मोजे घडी करत बसते.

हात उगारला, चावलं, धाकट्याला ढकललं, तर थांबवायचंच, त्यात ढिलाई नाही. मनगट धरायचं, आवळायचं नाही, आणि म्हणायचं "मारू देणार नाही. राग येऊ दे, मारायचं नाही." राग चालतो, मारणं चालत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलाला शेकडो वेळा ऐकून कळतं, एकदा ऐकून नाही. आणि रडून रडून मागितलेली गोष्ट, मोबाईल म्हणा चॉकलेट म्हणा, रडणं थांबावं म्हणून द्यायची नाही. प्रेम द्यायचं, मांडी द्यायची, ती वस्तू नाही.

काही मुलांना जवळ घेतलेलं हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. माझ्या धाकट्याला घट्ट गुंडाळलेलं लागतं, आजीची जुनी गोधडी, त्यात त्याला पोळीच्या रोलसारखं गुंडाळलं की दोन मिनिटांत श्वास संथ होतो. लेकीला हात लावलेला चालत नाही, ती गॅलरीत तुळशीच्या कुंडीजवळ जाऊन बसते, तिथे एक उशी आणि वही ठेवलीय. ती जागा शिक्षेची नाही हे घरातल्या सगळ्यांना बजावून सांगितलंय, "जा, गॅलरीत जा" असं कोणी रागाने म्हणायचं नाही. तिला वाटलं की ती जाते. मी दारात बसते, पाठ करून, पण दिसेल अशी.

श्वासाचं तंत्र सगळे सांगतात, पण भडक्यात "डीप ब्रेथ घे" म्हटलं की मूल अजून चिडतं. ते आधी, मजेत असताना शिकवून ठेवायचं. आम्ही गरम सारावर शिकलो. वाटी दोन्ही हातात धरायची, वास घ्यायचा नाकाने, मग हळूहळू फुंकर, इतकी हळू की सार वाटीबाहेर उडता कामा नये. बाहेर सोडायचा श्वास लांब झाला की हृदयाचे ठोके उतरतात, शरीर आपोआप सैल पडतं. आता नुसती ओंजळ पुढे केली की लेकीला कळतं, सार आहे, फुंकर मार. दहातल्या चार वेळा मारते, सहा वेळा माझा हात झटकते, चालतं.

अंगातली रग काढायला कणीक ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. संध्याकाळी तशीही पोळ्यांची कणीक भिजवायची असते. एक मोठा गोळा, जरा घट्टच, तेलाचा हात लावून तिच्यापुढे परातीत ठेवते. "हिला बडव." ती आधी मुठीने ठोसे मारते, मग तळव्याने रेटते, मग बोटं खुपसते, पाच-सात मिनिटांत कपाळावर घाम येतो, खांदे खाली येतात, आणि मग कधीतरी तोंडातून बाहेर पडतं, "आज ना, ती माझ्याशी बोललीच नाही." मी कणकेकडेच बघत "अच्छा" म्हणते. त्या कणकेच्या पोळ्या मऊसूत होतात, खरंच. कणीक नको तर उशी बडवा, बादलीभर पाण्यात कपडे खळबळू द्या, बिल्डिंगला दोन फेऱ्या, झोपाळा, मैदान. मैदान असेल तर सगळ्यात आधी मैदानच. शाळेतून आल्यावर लगेच क्लासला पाठवत असाल तर मधे निदान पाऊण तास मोकळा ठेवा, अबॅकस आणि फोनिक्सपेक्षा तो पाऊण तास मोलाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

भावनेला नाव द्या, आणि मराठीत द्या

यावर मला जरा जास्त बोलायचंय. आपली मुलं सगळ्याला "बोअर झालं" किंवा "बॅड वाटतंय" म्हणतात. डान्समध्ये मागे टाकलं, बॅड. मैत्रीण दुसरीबरोबर बसली, बॅड. बाईंनी सगळ्यांसमोर वही दाखवली, बॅड. पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिला हिरमोड, दुसरा हेवा, तिसरी लाज. आणि आपल्या भाषेत याचे किती बारकावे आहेत बघा. रुसणं वेगळं, फुरंगटणं वेगळं. हिरमुसणं म्हणजे चेहरा उतरला, खट्टू होणं म्हणजे मनातून लागलं. बावरणं, गांगरणं, धास्तावणं, भीतीच्याच तीन पायऱ्या. ओशाळणं, कानकोंडं होणं, चरफडणं, धुसफुसणं. आजीकडे हे शब्द आहेत, आपल्याकडे थोडे उरलेत, इंग्लिश मीडियमच्या मुलांपर्यंत पोचतच नाहीत. ते पोचवायला पाहिजेत, आणि भाषा टिकावी म्हणून नाही म्हणत मी, मुलाला आत काय चाललंय ते ओळखता यावं म्हणून म्हणतेय.

नाव दिल्याने खरंच उतार पडतो. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीत मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या स्कॅनवर हे बघितलं होतं. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेला शब्द द्यायला सांगितला की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी उसळत होता. प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, पण घरात मुलांच्या बाबतीत मी रोज तेच बघते.

कसं करायचं? भडका ओसरल्यावर, सांगून नाही तर अंदाज करून. "तू हिरमुसलीस का, का राग आलाय?" दोन पर्याय दिले की मूल निवडतं, आणि बरेचदा दोन्ही खोडून तिसरं सांगतं, तेच खरं असतं. शरीरातलं विचारा, "पोटात गोळा आला होता का? घसा दाटला होता का? छातीत धडधड?" लहान मुलांना भावना पोटात आणि घशात आधी कळतात. आमच्या फ्रिजवर एक कागद आहे, लेकीनेच चेहरे काढलेत, प्रत्येकाखाली शब्द. फुरंगटलेल्या चेहऱ्याचे गाल तिने इतके फुगवलेत की कागदाबाहेर गेलेत. धाकटा अजून केजीत आहे, त्याला वाचता येत नाही, तो येऊन नुसतं बोट ठेवतो.

एक करू नका. "यात काय रडायचं", "मुलगा असून रडतोस", "बघ ती शेजारची कशी शहाणी आहे". मुलग्यांच्या बाबतीत तर हे फार होतं, त्यांना रडायला बंदी आणि चिडायला परवानगी, मग सगळं दुःख रागाच्याच दाराने बाहेर पडतं. माझा मुलगा रडला की मी त्याला रडू देते, आणि त्याचे बाबाही देतात, बाबांनी देणं जास्त महत्त्वाचं आहे.

घरातली बाकीची माणसं

आजी-आजोबांना वाटतं आपण लाडावून ठेवलंय. त्यांच्याशी मुलासमोर वाद घालू नका. मी सासूबाईंना दुपारी चहाच्या वेळी सांगितलं, आई, ती आली की पहिला अर्धा तास आपण दोघीही काही विचारायचं नाही, तुम्ही फक्त तिच्या केसांना हात लावून बसा. काम नेमकं सांगितलं की मोठी माणसं मनापासून करतात, आता तेल लावायचं काम त्यांचंच आहे आणि त्या दोघींच्या गप्पा मला ऐकूही येत नाहीत.

पाळणाघरात राहणाऱ्या मुलांचं जरा वेगळं असतं. तिथल्या मावशी सांगतात, "दिवसभर इतका शहाणा होता हो, तुम्ही दिसलात आणि सुरू." ते वाक्य काळजाला लागतं, मलाही लागायचं. पण ते मूल शाळेत आवरून बसलं, मग पाळणाघरात आवरून बसलं, आणि सात वाजता तुम्ही दिसल्यावर सुटलं, इतकंच आहे. आपण लोकलमधून लोंबकळत आलेले, आपल्याही अंगात त्राण नाही. अशा वेळी घरी येऊन थेट कुकर लावू नका. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, दिवाणावर मुलाला घेऊन पडा. जेवण पंधरा मिनिटं उशिरा झालं तर काही बिघडत नाही, आणि ती पंधरा मिनिटं दिली नाहीत तर पाऊण तास रडारडीत जातोच. जाताना खाऊचा छोटा डबा पर्समध्ये ठेवा, पाळणाघराच्या पायरीवरच द्या.

मोबाईलबद्दल. दमलेल्या आईने मोबाईल दिला म्हणून मी कोणाला बोल लावणार नाही, मीही दिलाय. पण आल्या आल्या स्क्रीन दिला की रडणं थांबतं, आतलं तसंच राहतं, आणि स्क्रीन काढून घेताना ते दुप्पट होऊन येतं. द्यायचाच तर खाणं, खेळणं झाल्यावर, वेळ आधी सांगून.

झोपेकडे लक्ष द्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. सकाळी साडेसहाला उठवायचं तर रात्री साडेनऊला डोळा लागलेला हवा, आणि आपल्याकडे साडेनऊला जेवणं चाललेली असतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. तरी तुमच्या शाळेची वेळ काहीही असो, सलग तीन दिवस संध्याकाळ वाईट गेली तर आधी झोपेचे तास मोजा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा हे हमखास जड जातात, त्या दिवसांत पाहुणे, लग्नं, नवीन क्लास काही ठेवू नका.

आपण ओरडलो तर

ओरडतो आपण. त्या केळ्याच्या दिवशी मी ओरडलेच. नंतर शांत झाल्यावर जाऊन म्हणायचं, "मी ओरडले, ते चुकलं. तू दमली होतीस, मीही दमले होते." पुढे "पण तू पण ना" जोडायचं नाही, जोडलं की माफी गेली. मुलं लगेच माफ करतात, आणि त्यातूनच माफी मागायला शिकतात.

हे नेहमीचं नाही असं कधी समजायचं

आठवड्यातून दोन-तीनदा रडणं, अर्ध्या-पाऊण तासात ओसरणं, मग हसून खेळणं, हे वयाचं आहे. पण शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं आणि रविवारी दुखत नाही, अंथरूण ओलं करणं बंद झालेलं पुन्हा सुरू झालं, खाणं-झोप बिघडली, अंगावर वळ दिसले, शाळेचं नाव काढलं की थरथरतं, किंवा आठवडेच्या आठवडे रोज तासभर चाललंय, तर थांबू नका. "मी मरून जाईन", "मी नकोच आहे" असं म्हणालं तर ते नाटक समजू नका, त्याच दिवशी बोला, त्याला एकटं सोडू नका.

आधी वर्गशिक्षिकांना भेटा, तक्रार घेऊन नको, "घरी असं होतंय, वर्गात कसं असतं?" एवढंच विचारा. कधी चष्म्याचा नंबर निघतो, फळ्यावरचं दिसतच नसतं, कधी ऐकू कमी येत असतं, कधी अक्षरं जुळवून वाचणंच अवघड जात असतं, कधी स्वमग्नता किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं ती अवस्था) असलेलं मूल दिवसभर इतरांसारखं वागायची धडपड करून घरी कोसळतं. बालरोगतज्ज्ञ, शाळेतले काउन्सेलर यांची मदत घ्या. शाळेत मारतात किंवा सगळ्यांसमोर अपमान करतात असं मूल सांगत असेल तर ते गिळू नका, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, मुख्याध्यापकांना लेखी द्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि पालकांनीही स्वतःसाठी फोन केला तर चालतो. मुलाला कोणी त्रास देतंय, छळ होतोय अशी शंका असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. दोन्ही नंबर फ्रिजवर त्या चेहऱ्यांच्या कागदाशेजारी लिहून ठेवा, मुलांनाही वाचता येतील अशा मोठ्या अक्षरात.